दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं, त्याला आठ महिने झाले

पहिल्या रात्रीचा घोळ आधी सांगून टाकतो. दुसरं कार्ड बसवलं, मॉनिटरची केबल त्या दुसऱ्या कार्डात लावली (गेम मोठं कार्ड काढतं, हे दुसरं फक्त मधल्या फ्रेम बनवून पडद्यावर पाठवतं, म्हणून ती तिथेच लावायची असते), गेम उघडला आणि कोपऱ्यात फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा) आकडा आला २१. आदल्या दिवशी त्याच जागी, त्याच सेटिंगवर एकट्या कार्डावर सत्तरच्या वर येत होता. अर्धा तास मी कार्डं काढतोय, घालतोय, पॉवरच्या केबल दाबून बघतोय. शेवटी टास्क मॅनेजर उघडला तर काय, मोठं कार्ड निवांत झोपलेलं आणि अख्खा गेम धाकट्याच्या डोक्यावर. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जड कामाला कोणतं कार्ड घ्यायचं ते ठरवून देता येतं. ते मी ठरवलंच नव्हतं, आणि मॉनिटर ज्याला जोडलेला त्यालाच गेमही जुंपला गेला होता. तेवढं बदललं आणि सगळं सुरळीत झालं.

आता हा उद्योग कशासाठी, ते. दोन कार्डं म्हणजे दुप्पट वेग असं पुष्कळांना अजून वाटतं. तसं वाटण्यात गैर काही नाही, कारण कधीकाळी तेच सांगून दोन कार्डं विकली जायची. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू २ कार्डाने एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच चित्र काढायची सोय, आणलं, त्यात एक कार्ड चित्राच्या एकाआड एक ओळी काढायचं. पुढे एनव्हिडियाने २००४ मध्ये तेच नाव घेऊन वेगळं तंत्र आणलं, आणि त्यात बहुतेक वेळा एक फ्रेम या कार्डाने, पुढची त्या कार्डाने अशी वाटणी व्हायची. आकडा वाढायचा, पण दोन फ्रेममधलं अंतर सारखं राहायचं नाही, त्यामुळे आकडा साठचा आणि डोळ्याला चाळीसचं अडखळणं. शिवाय ८ जीबी मेमरीची दोन कार्डं म्हणजे १६ जीबी नव्हे. दोन्हीकडे तोच मजकूर भरलेला असायचा. आणि खेळ संपवला तो नव्या गेमांच्या पद्धतीने. आजकाल प्रत्येक फ्रेम मागच्या फ्रेमचा आधार घेते, आणि ती मागची फ्रेम असते शेजारच्या कार्डात! आरटीएक्स २००० आणि त्याआधीच्या कार्डांसाठी १ जानेवारी २०२१ पासून नवी एसएलआय प्रोफाइलं (एखाद्या गेमने दोन कार्डं कशी वापरायची ते सांगणाऱ्या नोंदी) बंद झाली, ३००० मालिकेत जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय ला राहिली, आणि ४०९० ला तर ती खाचच नाही. म्हणजे वेग जोडायचा म्हणून कुणी आज दुसरं कार्ड घेत असेल तर त्याने इथेच थांबावं.

माझं दुसरं कार्ड गेम काढतच नाही. लॉसलेस स्केलिंग नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घालतो. हे काम एकाच कार्डावर करता येतं, पण मग ते कार्ड गेममधला घास काढून या कामाला देतं. माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८० आणि १४४०पी, १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा) मॉनिटर. एका जड गेममध्ये नुसत्या ३०८० वर ७२ च्या आसपास फ्रेम मिळायच्या. त्याच कार्डावर हा प्रोग्राम लावला की खऱ्या फ्रेम ५७ वर यायच्या आणि दुप्पट करून ११४ दिसायच्या. दुसऱ्या कार्डाकडे ते काम दिल्यावर खऱ्या फ्रेम ७० ला बांधून ठेवता आल्या, दिसतात १४०. सगळा फायदा हा एवढाच. खऱ्या फ्रेम ५७ ऐवजी ७०. कागदावर किरकोळ वाटतं, पण माऊस हलवल्यावर हाताला लगेच कळतं.

सुरुवात जुन्या जीटीएक्स १०६० पासून केली होती, खोक्यात पडूनच होतं. इथे माझा अंदाज चुकला. मला वाटलं, एवढंसं काम कुठलंही कार्ड करेल. पण या कामात १६ बिटांचं गणित पुष्कळ लागतं आणि १०६० च्या पिढीतल्या गेमिंग कार्डांत ते ३२ बिटांच्या तुलनेत चौसष्टाव्या हिश्श्याने चालतं. फ्लो स्केल (प्रोग्राम चित्र किती बारकाईने तपासतो ती सेटिंग) खाली आणून कसंबसं चाललं, पण कार्ड कायम ९९ टक्क्यांवर. दुसरं कार्ड असं तुडुंब भरलं की बनवलेल्या फ्रेम उशिरा येतात आणि सगळा खेळच चिखलातून चालल्यासारखा वाटतो. तीन आठवड्यांनी एएमडीचं आरएक्स ६६०० आणलं. तेच काम ते पन्नास-साठ टक्क्यांत करतं. हो, दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं आणि दोन्हींचे ड्रायव्हर एकाच मशीनवर नांदतात. मला याचीच सर्वात जास्त धास्ती होती आणि तिथेच काही झालं नाही.

खरी गोम आहे स्लॉटमध्ये. मदरबोर्डावर दुसरा स्लॉट लांबीला पहिल्याएवढाच दिसतो, पण आत लेन (माल जायच्या वाटा) चारच. माझा बोर्ड बी५५० चिपसेटचा. दुसरा स्लॉट पीसीआयई ३.० चा, चार लेनचा, तोही चिपसेटमार्गे, म्हणजे थेट प्रोसेसरला न जोडता बोर्डावरच्या मधल्या चिपमधून. म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबी. हे पुरतं का? हिशेब सोपा आहे. १४४०पी ची एक फ्रेम साधारण १४.७ एमबी, अशा ७० म्हणजे सेकंदाला एक जीबीच्या जरा वर. आरामात पुरतं. मोठ्या कार्डाकडून धाकट्याकडे फक्त खऱ्या फ्रेम जातात, बनवलेल्या तिथल्या तिथेच तयार होतात, त्यामुळे हिशेबात ७० च धरायचे. तेच ४के ला एक फ्रेम ३३ एमबीची. ६० फ्रेमला २ जीबी, १२० ला जवळपास ४, म्हणजे रस्ता भरलाच. आणि एक लेनचा स्लॉट असेल तर १४४०पी लाही नाद सोडा.

मला पुरत होतं, तरी एका मोकळ्या जगाच्या गेममध्ये घोडा पळवला की दर दहा-पंधरा सेकंदांनी झटका बसायचा. महिनाभर मी प्रोग्रामला शिव्या घातल्या. कारण निघालं भलतंच. गेम होता दुसऱ्या एम.२ स्लॉटमधल्या (एसएसडी बसवायच्या खाचेतल्या) एसएसडीवर, आणि तो स्लॉटही चिपसेटवरचाच. नवा प्रदेश लोड होताना एसएसडीचा माल आणि फ्रेमचा माल प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या एकाच बोळातून ये-जा करत होता. गेम उचलून पहिल्या एम.२ वर नेला, जो थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. झटके गेले. स्लॉटची माहिती बोर्डाच्या पुस्तिकेत असते, ती कार्ड आणण्याआधी वाचा. मी नंतर वाचली.

उष्णता हा दुसरा जाच. ३०८० चे पंखे खालून हवा ओढतात आणि आता त्यांच्या तोंडाशी दुसऱ्या कार्डाची पाठ. मधे बोटभर फट. कोअर ७१ अंशांवरून ७९ वर गेला, तो चालला असता, पण मेमरीचं तापमान ९४ वरून १०४ झालं. ही जीडीडीआर६एक्स मेमरी ११० ला स्वतःच वेग कमी करते, म्हणजे कडेलोटाला आलो होतो. कॅबिनेटच्या तळाला १२० मिमीचा पंखा लावला, फट हवेने भरेल असा, आणि ३०८० ला अंडरव्होल्ट केलं, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवलं: ०.८५ व्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ. आता मेमरी ९६ च्या वर जात नाही. फ्रेम दोन-तीनच कमी झाल्या, आणि ७० ला बांधलेल्या असल्याने त्याही दिसत नाहीत. एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ८५० वॅटचा आधीपासून होता. ३०८० साठीच ७५० चा सल्ला असतो, त्यामुळे साडेसातशेवर हे करायची हिंमत मी केली नसती. भिंतीच्या मीटरवर खेळताना साधारण ८० वॅट जास्त दिसतात, नुसतं चालू असताना दहाएक.

दिसतं कसं? डावपेचाचे, गाड्यांचे, गोष्टीचे खेळ, आणि साठ फ्रेमला कुलूप घातलेले जुने गेम यांत हा प्रोग्राम मी आता बंद करत नाही. पण प्रोग्रामला फक्त तयार चित्र दिसतं, कुठली वस्तू कुठे चालली आहे ते गेम त्याला सांगत नाही. त्यामुळे पात्र वेगाने वळलं की खांद्याभोवती पाणी हलल्यासारखं होतं, आणि स्क्रीनवरची अक्षरं, नेम धरायची फुली मधूनच थरथरते. पुढची फ्रेम आल्याशिवाय मधली बनत नाही, म्हणून एक फ्रेमचा उशीर ठरलेलाच. ७० ला तो १४ मिलिसेकंद. समोरासमोरच्या नेमबाजीत मला तो खुपतो. आणि गेमच्या स्वतःच्या मेनूत फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम बनवायची सोय, असेल (एएमडीच्या एफएसआर ३ चं ३०८० वरही चालतं), तर ते चित्राला स्वच्छ पडतं. अशा गेममध्ये माझं ६६०० शोभेला असतं.

बारीकसारीक कटकटी दोन. मॉनिटर ३०८० ला जोडलेला नसल्याने एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमधला डिस्प्लेचा भागच गायब होतो. रंगाची जुळवाजुळव दुसरीकडे नव्याने करावी लागली. आणि एका मोठ्या अपडेटनंतर कार्डाची निवड परत मूळपदावर गेली, पुन्हा एकदा रडतखडत चालणारा गेम. या वेळी अर्धा तास लागला नाही.

नेमबाजीसाठी मॉनिटर थेट ३०८० ला जोडायचो, पण दर वेळी टेबलाखाली वाकून केबल बदलायचा कंटाळा आला, म्हणून आता मॉनिटरला दोन केबल आहेत: ६६०० मधून डिस्प्लेपोर्ट, ३०८० मधून एचडीएमआय. मॉनिटरचं बटण दाबलं की रस्ता बदलतो. फक्त विंडोजला वाटतं मॉनिटर दोन आहेत, आणि माऊस उजव्या कडेवरून नसलेल्या पडद्यावर निघून जातो. विंडोज आणि पी दाबून एकच पडदा निवडायचा. कोणता ‘पहिला’ आणि कोणता ‘दुसरा’ ते लक्षात राहत नाही, म्हणून मॉनिटरच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवली आहे.