पहिलं जहाज: बल्क कॅरिअर की टँकर?
मानेवाड्यातला माझा भाचा 6 महिन्यांचा जीपी रेटिंग (खलाशाचा) कोर्स करून आलाय. पहिलं जहाज कोणतं, यावर घरात रोज खल चालतो. मी दोन्हींच्या डेकवर काम केलंय, म्हणून सांगतो.

बल्क कॅरिअर म्हणजे कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज. त्यावर अंगमेहनत जास्त. कोळशानंतर धान्य भरायचं असेल तर होल्ड, म्हणजे माल भरायचा कप्पा, झाडायचं, समुद्राच्या पाण्याने धुवायचं, शेवटी गोड्या पाण्याचा हात मारायचा. भिंतीच्या फ्रेममागे जराशी भुकटी राहिली तरी सर्व्हेअर (तपासणी करणारा) होल्ड नापास करतो. कोराडीच्या वीजकेंद्राकडच्या पोराला ही काळी धूळ नवी नाही, पण तिथे ती नखांत आठवडाभर राहते. मात्र बंदरात मुक्काम लांबतो, किनाऱ्यावर उतरायला मिळतं.

टँकरवर तेलासारखा पातळ माल पाइपातून जातो. होज जोडायचे, मॅनिफोल्डवर (होज जोडतात त्या पाइपांच्या तोंडांवर) गळती होत नाही ना हे रात्रभर बघायचं. पगार बहुधा बरा, पण टँकरचा वेगळा कोर्स लागतो आणि मुक्काम एखाद-दोन दिवसांचाच.

चिपिंग (गंज ठोकून काढणं), रंगकाम, 4 तासांची वॉच (पाळी) दोन्हीकडे.

माझं मत, आधी बल्क. दोरखंड, ते ओढायचं विंच, होल्डचं झाकण म्हणजे हॅच कव्हर, सगळं हाताखालून जातं. आणि भरती करून देतो म्हणून एजंटाने पैसे मागितले, तर तिथून उठून यायचं. खलाशाकडून असे पैसे घेणं बेकायदेशीर आहे.