श्रेडओएस परीक्षण: मरायला टेकलेली हार्ड डिस्क परत करण्याआधी

श्रेडओएस हे पेनड्राइव्हवरून चालणारं, फुकट मिळणारं छोटंसं लिनक्स. त्याला एकच काम येतं: समोरची डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत पुसणं (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा डेटाचा छोटा कप्पा). आत जो प्रोग्राम धावतो त्याचं नाव एनवाइप. एके काळी प्रत्येक हार्डवेअरवाल्याच्या ड्रॉवरमध्ये ज्याची सीडी असायची, त्या डीबॅनच्याच घराण्यातला हा. डीबॅनची शेवटची आवृत्ती 2015 ची. जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय आलेल्या नव्या मशीनवर ती नीट बूटही होत नाही, त्यामुळे आज कुणी डीबॅन सुचवला तर सोडून द्या.

धडधाकट डिस्कवर श्रेडओएसबद्दल तक्रारीला जागा नाही. पण धडधाकट डिस्क परत कोण करतं? प्रश्न येतो तो वॉरंटीतली डिस्क बिघडली की. सर्व्हिस सेंटर म्हणतं जुनी जमा करा, बदली घ्या. आणि जुनीत फॉर्म 16, घरातल्या सगळ्यांच्या आधारचे स्कॅन, टॅलीचा पाच वर्षांचा हिशेब आणि लग्नाचे फोटो असं सगळं असतं. अशा डिस्कवर हे सॉफ्टवेअर कुठपर्यंत साथ देतं आणि कुठे हात टेकतं, ते इथे पाहू.

'फॉरमॅट मारून दिलंय, साहेब' या वाक्याचा आधी निकाल लावू. क्विक फॉरमॅट फक्त फाइलींची यादी नव्याने मांडतो. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक जात नाही. फोटोरेकसारखा फुकटचा प्रोग्राम यादीकडे बघतही नाही, थेट जेपेगची सुरुवातीची खूण शोधून फोटो उचलतो. विंडोज व्हिस्टापासून पुढे 'क्विक'समोरची टिकची खूण काढून केलेला पूर्ण फॉरमॅट मात्र शून्यं लिहितो, तो चालतो. एमआयटीच्या दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून 158 हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि 2003 मध्ये निष्कर्ष छापले. 129 चालू निघाल्या, नीट पुसलेल्या फक्त 12. बाकीच्यांत पाच हजारांवर क्रेडिट कार्ड नंबर होते. त्यातल्या बऱ्याच डिस्क मालकांनी फॉरमॅट केलेल्याच होत्या.

डिस्कचं नक्की काय मेलंय?

पेनड्राइव्ह बनवण्याआधी हे ठरवावं लागतं, कारण श्रेडओएसचा उपयोग यावरच अवलंबून आहे.

बायोसमध्ये डिस्क बरोबर नावाने आणि बरोबर आकाराने दिसते, फक्त मशीन रखडतं किंवा विंडोज चालू होत नाही: ही पुसता येते, आणि वॉरंटीला येणाऱ्या डिस्कमध्ये हा प्रकार भरपूर असतो. डिस्क फिरते पण टक टक आवाज करते, किंवा आकार शून्य दाखवते: हेड, म्हणजे चकतीवर वाचणारा-लिहिणारा भाग, गेलं असण्याची शक्यता मोठी. अजिबात फिरत नाही: बहुतेक वेळा खालचा सर्किट बोर्ड गेलेला असतो. डिस्क ठेवायच्या डॉकच्या 12 व्होल्टच्या चार्जरजागी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा चार्जर खुपसला की हमखास हेच होतं.

तिसऱ्या प्रकाराला लोक 'पूर्ण मेली' म्हणतात आणि निर्धास्त होतात. वास्तविक त्या डिस्कमधला डेटा सगळ्यात ठणठणीत असतो. बऱ्याच साडेतीन इंची डिस्कच्या बोर्डवर पॉवर कनेक्टरजवळ दोन काळे टीव्हीएस डायोड असतात, एक 5 व्होल्टच्या आणि एक 12 व्होल्टच्या लाइनवर. जास्त व्होल्टेज आलं की डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. मल्टिमीटरवर शून्याजवळ ओहम दाखवणारा डायोड सोल्डरिंग गनने काढला की डिस्क पुन्हा फिरू शकते. बोर्ड खरंच जळला असेल तर तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणायचा आणि जुन्यावरची, त्याच डिस्कची खास माहिती असलेली, आठ पायांची रॉम चिप त्यावर बसवायची. कसबी कारागिराचं हे अर्ध्या तासाचं काम. तुमच्यासाठी जे 'मेलं' ते त्याच्यासाठी जिवंतच आहे.

एक्स्टर्नल डिस्क असेल तर आधी केबल बदला, मग डब्यातून काढून मदरबोर्डच्या साटा पोर्टला सरळ लावा. कितीदा तरी डिस्क ठीक असते आणि डब्यातला यूएसबीचा बोर्ड गेलेला असतो. अडीच इंची काही मॉडेल्समध्ये, उदाहरणार्थ डब्ल्यूडीच्या बऱ्याच माय पासपोर्टमध्ये, यूएसबीचा सॉकेट डिस्कच्याच बोर्डवर असतो, साटा मिळतच नाही. तिथे हा रस्ता बंद.

प्रत्यक्ष पुसताना

मशीनमधल्या बाकीच्या सगळ्या डिस्क आधी काढून ठेवा. श्रेडओएस भेदभाव करत नाही. समोर यादी येते, प्रत्येक ओळीत मॉडेल, आकार, सिरियल नंबर. सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी जुळवा, स्पेसबारने निवडा, 'एम' दाबून पद्धत निवडा. सुरू करायला मोठं 'एस', म्हणजे शिफ्ट धरून; चुकून दाबलं जाऊ नये म्हणून केलेली ही सोय चांगली आहे.

पद्धतींच्या यादीत गुटमन दिसेल, 35 फेऱ्यांची. तिकडे फिरकू नका. 1996 सालच्या लेखात पीटर गुटमन यांनी त्या फेऱ्या त्या काळच्या जुन्या एन्कोडिंग पद्धतींसाठी सुचवल्या होत्या आणि आजच्या डिस्कला त्यांची गरज नाही हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शिकेनेही चुंबकीय डिस्क 'क्लिअर' करायला एक फेरी पुरेशी मानली होती. शून्यांची एक फेरी आणि शेवटी पडताळणी, एवढं निवडा. सरासरी सेकंदाला 130 एमबी धरले तर 1 टीबीला लिहायला सव्वादोन तासांच्या आत-बाहेर, पडताळणीला तेवढेच. यूएसबी 2 च्या अडॅप्टरवरून हाच लिहिण्याचा वेळ आठ-नऊ तासांवर जातो. गुटमनला साटावरसुद्धा तीन दिवसांच्या वर.

आता खराब डिस्कवर काय होतं? पहिले काही टक्के सुरळीत जातात, मग वेग 130 वरून 2-3 एमबीवर कोसळतो. हेड एकाच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत असतं. उरलेला वेळ सहा तासांवरून नऊ दिवस दाखवू लागला की माणूस बंद करून मोकळा होतो. तसं करू नका, निदान रात्रभर चालू द्या. खराब पट्टा ओलांडला की वेग बऱ्याचदा परत येतो. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत फाइलींची मुख्य यादी साधारणतः पार्टिशनच्या सुरुवातीपासून 3 जीबीवर असते, त्यामुळे पहिले 10 जीबी पुसले गेले तरी फोल्डरं आणि नावं गेली. मजकूर मात्र मागे उरतोच, म्हणून यावर समाधान मानता येत नाही. काम संपल्यावर त्या डिस्कसमोर त्रुटींचा आकडा येतो आणि पास की फेल तेही कळतं. फेल दिसलं तर 'जवळजवळ झालंच की' म्हणू नका. पीडीएफ प्रमाणपत्र पेनड्राइव्हवर साठतं. ऑफिसातल्या फाइलीला लावायला ते उत्तम.

या सॉफ्टवेअरची खरी मर्यादा वेगळी आहे आणि ती दिसत नाही. सेक्टर बिघडला की डिस्क तो गुपचूप बाजूला टाकते आणि राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर त्या पत्त्यावर बसवते. बाजूला टाकलेल्या सेक्टरवर जुना मजकूर तसाच राहतो, आणि श्रेडओएसच काय, कुठलंही पुसणारं सॉफ्टवेअर तिथे पोचत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट अहवालातली 5 क्रमांकाची ओळ हा आकडा सांगते. तिथे 200 असेल आणि सेक्टर 4096 बाइटचा धरला तर 800 केबी झाले. पॅन कार्डाचा एक स्कॅन आरामात मावतो. तो वाचायला पीसी-3000 सारखं रिकव्हरीवाल्यांचं महागडं यंत्र लागतं, भंगारवाल्याकडून हा धोका नाही. घरच्या डिस्कला एवढं मनावर घेऊ नका. सीएच्या ऑफिसने किंवा दवाखान्याने घ्यावं.

त्यांच्यासाठी उपाय डिस्कच्या आतच आहे: एन्हान्स्ड सिक्युर इरेज. हा हुकूम डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर पाळतं आणि बाजूला टाकलेले सेक्टरही त्यात येतात. श्रेडओएसमध्ये ऑल्ट आणि एफ2 दाबून दुसरा पडदा उघडा आणि डिस्कला हुकूम देणारा एचडीपार्म हा प्रोग्राम वापरा. त्याने दाखवलेल्या माहितीत 'फ्रोझन', म्हणजे हुकूम गोठवलेले, दिसलं तर मशीन झोपवून उठवा, बहुतेक वेळा सुटतं. मग तात्पुरता पासवर्ड लावायचा आणि एन्हान्स्ड इरेजचा हुकूम द्यायचा. काम पूर्ण झालं की पासवर्ड आपोआप निघतो. मध्येच लाइट गेली तर मात्र डिस्क कुलूपबंद राहते आणि तोच पासवर्ड देऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. म्हणून तो कागदावर लिहा आणि मशीन यूपीएसवर ठेवा. हे यूएसबी अडॅप्टरवरून करू नका. मधली चिप हुकूम अडवते किंवा अर्धवट पोचवते.

चकतीऐवजी मेमरी चिपा असलेल्या एसएसडीला एनवाइप लावू नये. आतला कंट्रोलर प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी लिहितो आणि जुन्या प्रती मागे राहतात. तिथे बायोसमधला सिक्युर इरेज किंवा एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीचा स्वतःचा फॉरमॅट हुकूम वापरा.

टक टक करणारी डिस्क

मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, तशी हेड गेलेली डिस्क सॉफ्टवेअरला जुमानत नाही. इथे श्रेडओएसला शून्य गुण. आता निवड दोनच गोष्टींतली: बदली डिस्क किंवा डेटा. झाकण उघडलं, भोक पाडलं, की वॉरंटी संपली. डिगॉसर या जबर चुंबकाच्या यंत्रातून काढली तर बाहेरून काही दिसत नाही, पण हेडला वाट दाखवणारे सर्व्हो ट्रॅकही पुसले जातात आणि डिस्क कायमची निकामी होते. परत आलेल्या डिस्क कंपन्या दुरुस्त करून पुन्हा बदलीसाठी वापरतात, आणि डेटाची जबाबदारी ग्राहकाची असं वॉरंटीच्या अटींत लिहिलेलं असतं. काही हजारांच्या डिस्कसाठी पक्षकारांची विवरणपत्रं हातून देऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत. ऑफिससाठी खरेदी करतानाच डेलचं 'कीप युवर हार्ड ड्राइव्ह', लेनोवोचं 'कीप युवर ड्राइव्ह' किंवा एचपीचं 'डिफेक्टिव्ह मीडिया रिटेन्शन' घ्या. बिघडलेली डिस्क तुमच्याकडे राहते आणि नवीही मिळते. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा सुरक्षेतल्या हलगर्जीला 250 कोटींपर्यंत दंड सांगतो, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

ठेवून घ्यायची ठरली की ती नष्ट करायची. पाण्यात टाकून, फ्रिजचं चुंबक फिरवून काही होत नाही. डिस्कच्या पोटातच दोन जबरदस्त निओडिमियम चुंबकं असतात आणि त्यांच्या शेजारी डेटा वर्षानुवर्षं सुखाने नांदतो. कोलंबिया यानाच्या 2003 च्या अपघातात आकाशातून पडलेल्या, जळून काळ्या झालेल्या एका हार्ड डिस्कमधूनही प्रयोगाचा जवळपास 99 टक्के डेटा काढता आला होता. हातोड्याचे दोन फटके म्हणजे त्या मानाने लाडच.

साडेतीन इंचीला टी8 आणि अडीच इंचीला बहुधा टी6 टॉर्क्स लागतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हललं नाही तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. लेबलवरून बोट फिरवा, मधोमध किंवा कडेला खोलगट लागेल. तिथे कागदाखाली एक स्क्रू दडलेला असतो. आतली आरशासारखी चकती म्हणजे प्लॅटर. साडेतीन इंचीतली सहसा ॲल्युमिनियमची असते, ती बाहेर काढा, दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरने घासा आणि पकडीने वाकवा. अडीच इंचीतली बरेचदा काचेची असते. ती वाकत नाही, तडकून बारीक कण उडवते. डिस्क जाड कापडात गुंडाळून, चष्मा लावून मगच फटका. मोठ्या क्षमतेच्या हेलियम भरलेल्या डिस्कचं झाकण वेल्ड केलेलं असतं, तिथे सरळ ड्रिल: तीन-चार भोकं, मधल्या मोटरला टाळून, आरपार. एसएसडीत प्रत्येक काळी मेमरी चिप फुटायला हवी. एम.2 पट्टीवर स्टिकरखाली आणि कधी पाठीमागेही चिपा असतात.

वीस-पंचवीस डिस्क असतील तर श्रेडिंग सेवा बोलवा, पण गाडी तुमच्या आवारात येऊन तुमच्यासमोर चुरा करणारी. 'नेऊन करतो' म्हणणाऱ्याकडून सिरियल नंबरनिहाय प्रमाणपत्र येईपर्यंत काही खरं नसतं. मॉर्गन स्टॅन्लीने हे काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं, डिस्क ऑनलाइन लिलावात डेटासकट विकल्या गेल्या, आणि 2022 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाकडे, एसईसीकडे, 3.5 कोटी डॉलर भरावे लागले. उरलेला कचरा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या रिसायकलरलाच द्या.

गुण

बायोसमध्ये दिसणारी, बॅड सेक्टरची डिस्क: पाचपैकी साडेतीन, सोबत सिक्युर इरेज जमलं तर साडेचार. एसएसडी: एक. टक टक किंवा बंद: शून्य, आणि दोष श्रेडओएसचा नाही.

बंद पडलेल्या डिस्कला पूर्ण पाच गुण मिळवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे बिघडण्याआधी चालू केलेलं बिटलॉकर (विंडोज) किंवा फाइलव्हॉल्ट (मॅक), म्हणजे सगळी डिस्क कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवणारी सोय. मग बोर्ड बदला, हेड बदला, वाचणाऱ्याच्या हाती राख येते. बिटलॉकरची 48 आकडी रिकव्हरी की फक्त त्याच डिस्कवर ठेवू नका. आणि लॅपटॉप सर्व्हिसला देताना पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डवर चिकटवायची जी सर्रास पद्धत आहे, ती चिठ्ठी आधी काढा. तपासायला त्यांना पासवर्ड लागत नाही, ते स्वतःच्या पेनड्राइव्हवरून बूट करू शकतात.