दूरसंचार नियामक उभारताना माणसं कुठली: भाड्याची, सामाईक की घरची?

दूरसंचार क्षेत्र खुलं करायला निघालेल्या देशाला आज कायद्याचा मसुदा सहज मिळतो. 1997 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत 69 देशांनी या क्षेत्राबद्दल करार केला, तेव्हापासून नमुना कायदे, परवान्यांचे साचे, लिलावाचे नियम असं सगळं तयार आहे. घोडं अडतं ते पुढे. मक्तेदारी असलेल्या जुन्या कंपनीचे वकील आणि हिशेबनीस कागदांचे गठ्ठे घेऊन येतात, तेव्हा ते आकडे तपासून 'हा खर्च धरता येणार नाही' असं ठणकावणारं सरकारी बाजूला कोण असतं? एखाद्या छोट्या-मध्यम देशासाठी नियामक, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था, उभारण्याचं टिपण तुम्हाला लिहायचं असेल, तर ही माणसं मिळवण्याच्या तीन वाटा पारखून घ्या. म्यानमारने ती भाड्याने आणली, पूर्व कॅरिबियनच्या बेटांनी सामाईक ठेवली आणि भारताने धडपडत घरी घडवली.

म्यानमार: काम चोख, मागे कोणी नाही

म्यानमारमध्ये एकेकाळी सिमकार्डाला हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. 2013 मध्ये सरकारने परदेशी सल्लागार कंपनीच्या मदतीने दोन परवान्यांसाठी निविदा काढली. नव्वदहून अधिक कंपन्यांनी रस दाखवला; जूनमध्ये नॉर्वेची टेलिनॉर आणि कतारची ऊरेडू यांची निवड झाली. पुढच्याच वर्षी सिमकार्ड 1500 क्यात म्हणजे दीड डॉलरच्या आसपास मिळू लागलं. निविदा प्रक्रियेला नावं ठेवायला फारशी जागा नव्हती.

पण ऑक्टोबर 2013 च्या कायद्यात आणखी एक आश्वासन होतं: दोन वर्षांत स्वतंत्र नियामक आयोग. तो काही झाला नाही. मंत्रालयाचाच विभाग नियामकाचं काम करत राहिला. त्याच कायद्याचं कलम 77 सरकारला आणीबाणीत सेवा बंद करायला लावण्याचा अधिकार देतं. त्याचा आधार घेऊन जून 2019 मध्ये राखाईन आणि चिन भागांतलं मोबाइल इंटरनेट बंद झालं. 2021 च्या लष्करी उठावानंतर काय झालं ते जगाने पाहिलं, आणि 2022 मध्ये टेलिनॉर तिथला धंदा विकून बाहेर पडली. स्वतंत्र आयोग असता तरी त्याने रणगाडे थोडेच अडवले असते, हे कबूल. पण 2013 ते 2021 या आठ वर्षांत तो उभाच राहू नये, हा दोष लष्कराच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. सल्लागाराच्या कराराला शेवटची तारीख असते आणि निविदा उघडली की त्याचं काम संपतं. नियामकाचं काम तिथून सुरू होतं.

पूर्व कॅरिबियन: पाच देश, एक कचेरी

डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट किट्स आणि नेव्हिस, सेंट लुसिया, सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडिन्स. पाचही सार्वभौम देशांची मिळून लोकसंख्या सहा लाखांच्या आत. आपल्या सांगली-मिरज-कुपवाडची 2011 ची पाच लाखांवर होती, म्हणजे अंदाज येईल. एवढ्या वस्तीत स्पेक्ट्रमचा अभियंता, दरांचा अर्थतज्ज्ञ आणि दूरसंचाराचा वकील प्रत्येक देशाने वेगळा पोसायचा कसा? समोर तर सगळीकडे एकच ब्रिटिश कंपनी, केबल अँड वायरलेस.

मे 2000 मध्ये या देशांनी करार करून एक्टेल ही सामाईक संस्था काढली. तज्ज्ञ तिथे, सेंट लुसियात. प्रत्येक देशात एक छोटा राष्ट्रीय आयोग. परवान्याचा अर्ज या आयोगाकडे येतो, छाननी एक्टेल करते, सही मात्र त्या त्या देशाच्या मंत्र्याची. एकट्या बेटाला दमात घेणं कंपनीला सोपं होतं, पाच जणांच्या फळीला तितकं नाही. त्याच वर्षी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयाने डॉमिनिकाच्या मार्पिन या स्थानिक कंपनीच्या खटल्यात मक्तेदारी परवाना अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येऊ शकतो, असं मानलं, त्याचाही हातभार लागला. काही वर्षांतच डिजिसेल ही प्रतिस्पर्धी मोबाइल कंपनी बेटांवर आली.

तोटा आहेच. नियम बदलायचा तर पाच संसदा आणि पाच राजपत्रं. सगळ्यात ढिल्या गड्याच्या चालीने सगळ्यांना चालावं लागतं. 2015 मध्ये केबल अँड वायरलेसने कोलंबस ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, तेव्हा बेटांच्या हातात असं विलीनीकरण रोखण्याचे अधिकार फार तोकडे होते.

भारत: कोर्टाच्या पायऱ्या झिजवत

भारताकडे अभियंते होते. 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था निघाली आणि ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज देशातच बनू लागली. पण एक्स्चेंज बांधता येणं वेगळं आणि त्यातून जाणाऱ्या एका मिनिटाचा खर्च किती, हे काढता येणं वेगळं. हे दुसरं काम येणारी माणसं 1997 मध्ये ट्राय हे दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झालं तेव्हा जवळजवळ नव्हती. बरेचसे कर्मचारी प्रतिनियुक्तीवर, ज्या खात्यावर वचक ठेवायचा त्याच खात्यातून आलेले. 1998 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवाने देणाऱ्या सरकारवर ट्रायचा अधिकार चालत नाही, असं ठरवलं. 2000 मध्ये कायदाच बदलून जुनं मंडळ बरखास्त झालं आणि तंट्यांसाठी टीडीसॅट हे वेगळं न्यायाधिकरण आलं.

तरीही इथे काय कमावलं ते पाहायचं तर आंतरजोडणी शुल्काकडे बघावं. तुमच्या कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला कॉल गेला की तुमची कंपनी त्या कंपनीला मिनिटामागे पैसे देत असे. 2009 मध्ये हा दर 20 पैसे झाला. त्याच वर्षी टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावला, म्हणजे मिनिटाला 60 पैसे, आणि त्यातले 20 प्रतिस्पर्ध्याला. मोठ्या कंपन्यांना तो दर चढा हवा, नव्यांना शून्य. टॉवर आणि स्विचचा कोणता खर्च कॉलवर टाकायचा, किती मिनिटांनी भागायचं, हा सगळा वाद. ट्राय चर्चापत्र काढतं, सगळ्यांचे आक्षेप वेबसाइटवर टाकतं, खुली चर्चा घेतं, मग कारणमीमांसेसकट आदेश देतं. तो आदेश लगेच कोर्टात जातो. 2015 मध्ये 14 पैसे, 2017 मध्ये 6, आणि 2021 पासून शून्य. प्रत्येक फेरीला ट्रायच्या लोकांना आपलं गणित कोर्टात उभं करावं लागलं. माझ्या मते खरं प्रशिक्षण हेच. चार दिवसांच्या कार्यशाळेत ते होत नाही.

किंमतही जबर पडली. स्पेक्ट्रमवाटप मंत्रालयाच्याच हातात राहिलं, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप मनमानी ठरवून 122 परवाने रद्द केले.

तर निवड काय करावी

लोकसंख्या दहा लाखांच्या आत असेल तर शेजाऱ्यांशी करार करा, फार घोळ घालू नका. फक्त विलीनीकरण रोखण्याचे अधिकार पहिल्याच करारात लिहून घ्या. त्याहून मोठ्या देशाने घरचा नियामकच धरावा. बोट्स्वानाने 1996 च्या कायद्याने तो केला आणि संस्थेचा खर्च परवाना शुल्कातून भागवला. लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढीही नाही, म्हणून 'आम्ही लहान आहोत' ही सबब फार ताणू नये.

भाड्याची माणसं निविदेपुरती, लिलावापुरती जरूर आणा. करारात मात्र एक अट घाला: त्यांच्या हिशेबाची प्रत्येक फाइल, सूत्रांसकट, स्थानिक कर्मचाऱ्याने स्वतः चालवून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

पगारावर मंत्रालयं नेहमी कुरकुरतात. सरकारी श्रेणीत बांधलेला चांगला अर्थतज्ज्ञ दोन वर्षांत कंपनीकडे जातो, तोही तुमची गुपितं घेऊन. पगाराला श्रेणीतून सूट द्या आणि नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ कंपनीत जायला बंदी घाला. दोन्ही एकाच कलमात.

आणि थोडा पैसा नियामकाच्या बाहेरही खर्च करा. वीजक्षेत्रात पुण्याच्या प्रयास या संस्थेने दाभोळच्या करारातले आकडे सोडवून लोकांसमोर मांडले, म्हणून त्यावर जाणता वाद होऊ शकला. श्रीलंकेच्या दूरसंचार नियामकाचे माजी महासंचालक रोहन समराजीव यांनी 2004 मध्ये लर्नएशिया ही संशोधन संस्था कोलंबोत काढली, ती याच जातकुळीची. नियामकाच्या आदेशात चूक काढू शकणारे पाच-सहा लोक देशात असतील, तर नियामक गृहपाठ करून येतो. टिपणात या बाबीला वेगळी तरतूद दाखवा. 'इतर खर्च' या शीर्षकाखाली टाकलीत तर अर्थखातं पहिल्या फेरीतच कात्री लावेल.