खाडीचं पाणी तपासायची पेटी: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

'वॉटर टेस्टिंग किट' म्हणून ऑनलाइन जे मिळतं, ते बहुतेक विहिरीच्या आणि नळाच्या पाण्यासाठी बनवलेलं असतं. आत पीएचच्या पट्ट्या, टीडीएस पेन, क्लोरीनचे थेंब, कठीणपणा मोजायची बाटली आणि जंतूंसाठी काळी पडणारी कुपी. गावच्या पाणीपुरवठ्यासाठी ही पेटी ठीक आहे. तीच घेऊन कांदळवनात किंवा खाडीच्या तोंडावर गेलात तर अर्ध्या वस्तू निकामी ठरतात आणि एक-दोन चक्क खोटं सांगतात. मच्छीमार सोसायट्या, गावांच्या जैवविविधता समित्या, शाळा आणि खारबांध (खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला बांध) सांभाळणारे शेतकरी यांच्याकडे हल्ली अशा पेट्या दिसतात, म्हणून एकेक वस्तू घेऊन बोलू.

सगळ्यात आधी टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं. साध्या पेनाची मर्यादा ९,९९० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,००० पीपीएम क्षार असतात. पेन खाडीत बुडवलं की एकतर 'एरर' येतं, नाहीतर दहापटीच्या खुणेसह असा आकडा येतो की वाचणारा हमखास घोटाळा करतो. एक भाग खाडीचं पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर असं पातळ करून मोजता येतं, पण मापाची चूकही तितकीच पटीने वाढते. खाडीसाठी हे पेन शून्य कामाचं. बांधाच्या आतल्या विहिरीसाठी मात्र उत्तम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं असं आहे. दर अमावास्येला त्याच विहिरीचा आकडा लिहीत गेलात तर खारं पाणी आत सरकतंय का ते वर्षभरात कळतं.

खाडीचा खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. दुर्बिणीच्या नळीसारखी ही हातभर नव्हे, वीतभर वस्तू. सेल लागत नाही, बिघडायला फारसं काही नाही. दोन गोष्टी पाहून घ्या: ० ते १०० पीपीटीची पट्टी आणि तापमानाची आपोआप भरपाई, म्हणजे 'एटीसी'. पीपीटी म्हणजे एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार. मिठागरांसाठी आणि लोणच्याच्या कारखान्यांसाठी ० ते २८ टक्क्यांचा वेगळा रिफ्रॅक्टोमीटर येतो, बाहेरून दोन्ही जुळे भाऊ, तो चुकूनही घेऊ नका. त्याची पट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते.

वापर सोपा. काचेवर दोन-तीन थेंब, झाकण हळू टेकवायचं म्हणजे बुडबुडा राहत नाही, अर्धा मिनिट थांबायचं, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची सीमा वाचायची. दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावून घ्या. पण शून्य बरोबर म्हणजे ३५ बरोबर असं नाही, स्वस्त मालात वरच्या टोकाला दोन-तीन पीपीटीचा फरक सहज निघतो. त्यासाठी घरीच द्रावण करता येतं: कोरडं मीठ ३६.५ ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर ९६३.५ ग्रॅम. हे द्रावण खाडीसाठीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवायला हवं. सोनाराचा काटा मिळाला तर उत्तम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅम-दोन ग्रॅम इकडे-तिकडे होतात. काम झालं की काच गोड्या पाण्याने पुसा. नळी नळाखाली धरू नका. आत पाणी शिरलं की धुकं जमतं, आणि मग ती पेपरवेट म्हणूनच उरते.

खारबांध सांभाळणाऱ्यांना या एका उपकरणाचा सगळ्यात मोठा फायदा. बांधातल्या पाण्याच्या दाराला रायगडात उघाडी म्हणतात, गोव्यात मानस, काम एकच: ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं, भरतीला खाडीच्या दाबाने दार आपोआप बंद व्हायचं. दाराच्या फळ्या झिजल्या किंवा खाली दगड-फांदी अडकली तर बाहेरून काही दिसत नाही, पण आत खारं पाणी शिरत राहतं. उघाडीच्या आतल्या बाजूला, दारापासून दोन-तीन हातांवर, भरती सुरू होताना आणि पूर्ण भरतीला असे दोन आकडे घ्या. पूर्ण भरतीला खारेपणा चढला असेल तर दार गळतंय. पाण्याच्या पृष्ठभागावरून नमुना घेऊ नका. खारं पाणी जड, ते तळाने येतं. वर गोडं पाणी तरंगत असतं. काठीला बाटली बांधा, बाटलीला दोरीचं बूच लावा, तळाशी नेऊन बूच ओढा. पावसाळ्यात तर वरचा आकडा ५ आणि तळाचा २५ असं एकाच जागी मिळतं. जमिनीतली क्षारता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या (हे माप वीज किती वाहते यावरून काढतात, ते पीपीटी नव्हे) पुढे गेली की साध्या भाताचा उतारा घटू लागतो. कोरगुटासारखी खाजनातली, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या बांधाआतल्या शेतातली, वाणं यापेक्षा बरंच सोसतात, पण उघडं दार तीही फार दिवस सोसत नाहीत.

आता मुख्य वस्तू, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. मासे मेले, सांडपाणी सोडलं, नाल्याला वास येतो, या सगळ्या तक्रारींत हाच आकडा उपयोगी पडतो. पर्यावरण संरक्षण नियमांत किनारी पाण्याचे वर्ग दिले आहेत. मासेमारी आणि अंघोळीच्या पाण्याचा वर्ग एसडब्ल्यू-२. त्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम ऑक्सिजन, पीएच ६.५ ते ८.५, बीओडी (घाण कुजवताना जंतू वापरतात तो ऑक्सिजन) ३ मिलिग्रॅमच्या आत. संवेदनशील क्षेत्रं आणि मिठागरं एसडब्ल्यू-१ मध्ये, तिथे ऑक्सिजन किमान ५.

दोन पर्याय आहेत. एक इलेक्ट्रॉनिक मीटर, दुसरी थेंबांची विंकलर पेटी. मीटर दिसायला रुबाबदार, पण खारेपणाची भरपाई नसलेला स्वस्त मीटर खाडीत फसवतो. ३० अंशांवर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास. मीटरला हे सांगितलं नाही तर तो गोड्या पाण्याच्या हिशेबाने आकडा देतो. तो ४.८ दाखवतो तेव्हा खरा आकडा ४ च्या खाली असतो, म्हणजे नेमका ज्या रेषेसाठी आपण मोजतोय तिथेच चूक. शिवाय टोकाचा पातळ पडदा चिखलाने माखतो आणि तो बदलायचा पडदा वेळेवर मिळेलच असं नाही. गटाकडे पैसे असतील तर ऑप्टिकल सेन्सरचा, खारेपणाचा आकडा भरता येणारा मीटर घ्या. नसतील तर विंकलर पेटीच बरी, आणि शिकवण्यासाठी तर तीच.

विंकलर पेटीत ६० मिलीची काचेची बाटली असते. बाटली पाण्याखाली आडवी भरायची, किंवा नळीचं टोक तळाला टेकवून तीन बाटल्यांएवढं पाणी वरून वाहू द्यायचं. बुडबुडा राहिला तर ती बाटली ओतून टाका, पुढचं सगळं व्यर्थ. मग मँगनीज सल्फेटचे साधारण आठ थेंब, नंतर अल्कली-आयोडाइडचे तितकेच, बूच, आणि बाटली उलटसुलट. आता आत पाहा: तपकिरी कापसासारखा साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढरा बसला तर पाण्यात प्राणवायू नाहीच. आकडा मोजायच्या आधीच काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांना उत्तर मिळतं, आणि शाळेची मुलं ते विसरत नाहीत. साका बाटलीच्या अर्ध्यापर्यंत उतरू द्या, मग आम्ल, मग पिवळ्या पाण्यात थायोसल्फेट. रंग फिका झाला की स्टार्च, निळं पाणी रंगहीन झालं की थांबा. काही पेट्यांत एक थेंब म्हणजे अर्धा मिलिग्रॅम धरतात, ते फार ढोबळ. सिरिंजने थायोसल्फेट घालायची पेटी घ्या. आम्लाच्या जागी सल्फॅमिक ॲसिडची पूड असलेली मिळाली तर फारच छान, बोटीत सल्फ्युरिकची बाटली नेणं नको. उरलेलं मिश्रण खाडीत ओतायचं नाही, त्यात मँगनीज असतं. वेगळ्या कॅनमध्ये जमवा आणि जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला द्या.

वेळेचं महत्त्व इथेच सगळ्यात जास्त. ऑक्सिजन दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त, पहाटे उजाडण्याआधी सर्वांत कमी. मासे पहाटे मरतात, तपासायला लोक अकरा वाजता येतात, आणि पाणी 'ठीक' निघतं. दुसरी मेख ओहोटीची. कांदळवनाच्या चिखलातून परतणाऱ्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी, पीएच थोडा उतरलेला आणि कुजक्या अंड्याचा वास असतो. हे निसर्गाचंच चाललेलं असतं. प्रत्येक काळ्या चिखलाला सांडपाणी म्हणून बोंब मारली तर खऱ्या तक्रारीच्या वेळी कोणी ऐकत नाही. नाल्याच्या तोंडावर एक, वरच्या अंगाला एक आणि शेजारच्या बऱ्या खाडीत त्याच भरती-ओहोटीला एक, असे तीन नमुने असतील तरच फरक दाखवता येतो.

भरतीच्या वेळेसाठी ॲप आहेत, पण आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट अजून पक्की चालते. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. पंचमी असेल तर पावणेचार. खाडीच्या आत जाल तसा उशीर होतो, तो जागेवर एकदा मोजून ठेवा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) घेतलेला आकडा भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीच्या आकड्याशी ताडून पाहू नका, दोन्ही वेळी पाण्याची हालचालच वेगळी.

पीएचच्या पट्ट्या चालतात, अर्ध्या अंकाचा फरक धरून. स्वच्छ समुद्र ८ ते ८.२. पेन घ्यायचं असेल तर ७ आणि ९.१८ च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) लावून घ्या, ४ च्या बफरचा इथे उपयोग नाही. टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये नव्हे. पेन लवकर मरतं ते बहुधा याच कारणाने.

अमोनियाचे थेंब घेताना पद्धत विचारा. नेस्लरची असेल तर नको. खाऱ्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे नमुना गढूळ होतो आणि रंग जुळवता येत नाही. वर त्यात पारा. सॅलिसिलेट पद्धतीची पेटी थोडी महाग पण खाडीत टिकते.

काळी पडणारी जंतूंची कुपी, म्हणजे एचटूएस व्हायल, पिण्याच्या पाण्यासाठी भारतातच १९८० च्या दशकात निघालेली चांगली युक्ती आहे. चिखलाच्या पाण्यात गंधकावर जगणारे जंतू आधीच भरपूर, त्यामुळे कुपी काळी पडणारच. तिच्यावरून मैला मिसळल्याचा निष्कर्ष काढणारा अहवाल कुठल्याही अधिकाऱ्याने दोन मिनिटांत परतवावा. एसडब्ल्यू-२ साठी विष्ठाजन्य कोलिफॉर्मची मर्यादा १०० मिलीला १०० आहे, ती प्रयोगशाळेतच मोजा. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचला पाहिजे.

पाण्याचा गढूळपणा मोजायला विकतचं काही नको. स्टीलची २० सेंटिमीटरची थाळी, चार चतकोर आलटून-पालटून काळे-पांढरे, मधोमध भोक, खाली वजन, दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ. दिसेनाशी होते ती खोली आणि वर घेताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. काळा चष्मा लावून वाचू नका.

एवढं मोजून पुढे काय, हा प्रश्न पेटी विकणारा कधी विचारत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे पुरावा म्हणून चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाने घ्यायचा असतो, संबंधिताला नोटीस देऊन, मोहोरबंद करून. तुमचा आकडा कोर्टात पुरावा नाही. तो मंडळाला कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता यायचं ते सांगतो. तक्रारीत तारीख, वेळ, तिथी, भरती की ओहोटी, अक्षांश-रेखांशासह फोटो, खारेपणा, तापमान आणि ऑक्सिजन एवढं लिहिलं तर 'पाहणीत काही आढळले नाही' असं उत्तर देणं अवघड जातं. तक्रार कुणाकडे, हेही आधी ठरवा. २०१७ चे पाणथळ नियम सीआरझेडखालच्या (किनारी नियमन क्षेत्रातल्या) जागांना लागू होत नाहीत, आणि मिठागरं, भातशेतं त्यांच्या व्याख्येतच नाहीत. म्हणून खाडीकाठचा भराव असेल तर किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, कांदळ तोडली असेल तर वन विभागाचा कांदळवन कक्ष, पाणी नासलं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात स्पष्ट आहे, तो अर्जात लिहाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम १४ खाली जायचं तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत, म्हणजे नोंदवही पहिल्या दिवसापासून हवी.

पहिल्यांदा घेत असाल तर रिफ्रॅक्टोमीटर, सिरिंजची विंकलर पेटी, साधा काचेचा थर्मामीटर, पीएच पट्ट्या आणि ती थाळी, बस. रसायनांच्या बाटल्या लहान घ्या. थायोसल्फेट उघडल्यावर ताकद कमी होत जाते आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ लागतो, म्हणजे घाण पाणी चांगलं दिसतं. स्टार्च तर दोन आठवड्यांत बुरशी धरतो. बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा, आणि विकत घेण्याआधी दुकानदाराला एवढं विचारा की पेटी संपल्यावर नुसतं रसायन वेगळं मिळेल का. 'पूर्ण पेटीच घ्यावी लागेल' म्हणाला तर दुसरं दुकान बघा.