जेली गाळायची तिपाई-पिशवी: कवठाला चालते का?

स्टीलची तिपाई आणि नायलॉनच्या जाळीची पिशवी असा जेली गाळायचा संच आता ऑनलाइन सहज मिळतो. तिपाईचे पाय पातेल्याच्या काठावर अडकवायचे, वरच्या कड्यावर पिशवी ताणायची, की काम सुरू. पेरूला तो छान चालतो. पण दिवाळीनंतर बांधावरची, माळावरची कवठं वेचून आणणाऱ्यांसाठी प्रश्न वेगळा आहे. कवठाचा गर चिकट, धागेदार आणि बियांनी गच्च भरलेला.

तिपाई चांगली आहे. पातेल्याचा काठ बाहेर वळलेला असेल तर पाय घट्ट बसतात, सरळ काठावर मात्र डुगडुगतात. पातेलं स्टीलचंच घ्या. लोखंडी भांड्यात कवठातल्या टॅनिनमुळे रस काळा पडतो.

खरी तक्रार पिशवीबद्दल. जाळी इतकी मोकळी आहे की बारीक गर रसाबरोबर खाली उतरतो आणि जेली गढूळ होते. उपाय सोपा: पिशवीच्या आत मलमलचं दुहेरी फडकं घाला. नवं असेल तर धुऊन खळ काढा, वासाचा साबण वापरू नका. वापरण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून पिळून घ्या, नाहीतर कोरडं कापडच बराच रस पिऊन टाकतं.

दुसरी अडचण मापाची. अर्धा किलो गराला एक लिटर पाणी घालून मंद आचेवर अर्धा तास शिजवलं की ते सगळं या पिशवीत एका वेळी मावत नाही. दोन खेपा कराव्या लागतात. सोबतच्या कागदावर ‘रात्रभर ठेवा’ असं छापलेलं असतं. तो सल्ला थंड देशातला. आपल्याकडच्या उकाड्यात रस आंबू शकतो, आणि पातेल्यासकट ही तिपाई फ्रिजच्या कप्प्यात मावत नाही. तीन-चार तास पुरेत. घाई झाली म्हणून पिशवी पिळायची नाही, तसं केलं तर मलमल लावूनही उपयोग नाही. उरलेल्या चोथ्यात आधीच्या निम्मं पाणी घालून पंधरा मिनिटं शिजवा, पुन्हा गाळा आणि तो रस पहिल्यात मिसळा. जेली घट्ट बसवणारा फळातला घटक, म्हणजे पेक्टिन, असं केल्यावर बरंच सुटतं.

काही विक्रेते संचाबरोबर पेक्टिनची पावडरही गळ्यात मारतात. कवठाला ती नको, फक्त फळ नीट निवडा. वीतभर उंचीवरून फरशीवर टाकलेलं कवठ उसळलं तर कच्चं, थप्प करून बसलं तर पिकलेलं. बहुतेक पिकलेली घ्या, चारातलं एखादं जरा कमी पिकलेलं असू द्या, कारण फळ अति पिकलं की पेक्टिन घटतं. तडा गेलेली आणि आंबूस वासाची टाकून द्या. रसात पुरेसं पेक्टिन आहे याची खात्री करायची असेल तर चमचाभर गार रसात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घालून हलकेच हलवा. एकसंध गोळा झाला तर पेक्टिन भरपूर, नुसते तुकडे तरंगले तर रस आणखी आटवा. हा नमुना चाखायचा नाही, फेकून द्यायचा.

गोळा जमला तर वाटीभर रसाला पाऊण ते एक वाटी साखर. साखर विरघळली की आच मोठी करा, कारण मंद आचेवर तासभर रटरटत ठेवलं की पेक्टिन मोडतं आणि पाक उरतो. थर्मामीटर असेल तर पाणी उकळतं त्यापेक्षा साधारण ४.५ अंश वर गेल्यावर उतरवा. गाव जितकं उंचावर, तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून मुंबईत १०४.५ च्या आसपास, पुण्यात १०२.५-१०३, महाबळेश्वरात १०० च्या आगेमागे. पुण्यात बसून १०५ ची वाट पाहिली तर बरणीत चिवट वडी तयार होते. थर्मामीटर नसेल तर चमचा तिरका धरा. शेवटचे दोन थेंब एकमेकांना चिकटून पापुद्र्यासारखे गळले की झाली. जेलीत साखरेचे खडे धरले तर साखर जास्त झाली. पाणी सुटलं तर आंबटपणा जास्त.

पिशवी वापरल्यावर लगेच उलटी करून धुवा, वाळलेला चिक निघता निघत नाही. एकंदरीत, तिपाईसाठी संच घ्यायला हरकत नाही. पेरू आणि लाल अंबाडीच्या बोंडांनाही ती उपयोगी पडेल. पिशवीचे वेगळे पैसे मागत असतील तर मात्र देऊ नका, घरचा धुवट पंचा तिच्यापेक्षा बरा गाळतो.