समाधान मोजायचं कसं: छापील प्रश्नावली की फोनवर गप्पा?

घरी आजारी माणसाचं करणाऱ्याला थोडा विसावा मिळावा, म्हणून काही तास बदलीच्या मावशी येतात. या सेवेवर घरचे किती समाधानी आहेत, हे कसं कळणार? सीएसक्यू-८ या सेवेबद्दलचं समाधान मोजणाऱ्या छापील प्रश्नावलीत ८ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ४ गुण; बेरीज ८ ते ३२. पाच-दहा मिनिटांत भरून होते, मागच्या महिन्याशी तुलनाही जमते. पण कोथरूडमध्ये अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करणारी सून, बदलीच्या मावशी समोर बसलेल्या असताना कमी गुण देईल? उद्यापासून त्या आल्याच नाहीत तर! मग सगळीकडे ‘उत्तम’.

दुपारी निवांत फोन केला, की वेगळंच ऐकू येतं: “मावशी चांगल्या आहेत हो, पण मी मंडईत गेले तरी जीव घरातच.” म्हणजे चार तास मिळाले, विसावा नाही. हे बेरजेत कुठे दिसणार? गप्पांना वेळ लागतो, हे खरं. तरी मी आधी फोनच करेन. कागद नंतर, मावशी घरी गेल्यावर.