घरातलं माणूस गेल्यावर: कुत्रा, मांजर की इतक्यात काहीच नको?

बाबा गेल्यावर आईसाठी कुत्रा आणू या, असं भाऊ म्हणाला तेव्हा मी ते उडवूनच लावलं होतं. माणसाची जागा जनावर घेतं होय? नाहीच घेत. पण सकाळी उठायला कारण लागतं, ते मात्र देतं. आज आमच्याकडे सहा वर्षांची कुत्री आहे आणि मावशीकडे, काका गेल्यानंतर आलेली मांजर. दोन्ही घरं जवळून बघितली, म्हणून हे लिहितेय.

कुत्रा दिवसाला वळण लावतो. पाऊस असो, रात्रभर डोळा लागलेला नसो, ठरल्या वेळी आमची कुत्री दाराशी टांगलेल्या पट्ट्याखाली जाऊन बसते आणि आईला चपला घालाव्याच लागतात. रस्त्यात लोक थांबतात, पण "कसं झालं हो अचानक?" असं न विचारता "हिचं नाव काय?" म्हणतात. आईला या एका फरकानं किती हायसं वाटलं, ते मी पाहिलंय. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे माया-जवळीक वाढवणारं संप्रेरक, वाढतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "त्यासाठी प्रयोग कशाला करायला हवा?"

पिल्लू मात्र नको. या बाबतीत मी हट्टी आहे. त्याला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यायचं, लशींच्या तारखा सांभाळायच्या आणि सापडेल ते चावणार ते वेगळंच. गेलेल्या माणसाची जपून ठेवलेली चप्पल त्यानं फाडली, तर त्या दिवशी काय होईल याचा विचार करा. मोठा कुत्रा घेतला की स्वभाव आधीच कळतो. आमची तर नावासकट आली. ते बदलू नका, असं आईनंच बजावलं.

मांजर काही मागत नाही, हाच तिचा गुण आणि हीच तिची अडचण. दिवसातले बारा-सोळा तास झोपणार, मनात आलं तर मांडीवर येणार. मावशीचे गुडघे दुखतात, शिवाय कुणी सारखं मागे लागलेलं तिला खपत नाही. तिला हे झकास जमलं. पण अंथरुणातून उठावंसंच वाटत नसेल, तर मांजर उठवेलच असं नाही. वाडग्यात खाणं टाकून पुन्हा पांघरूण ओढून घेता येतं.

मासे बघत बसायला छान, पण रडू आल्यावर कुशीत घेता येत नाहीत. पक्ष्यांचं पिंजऱ्यातलं जिणं मला बघवत नाही, त्यामुळे तिथे माझं मत धरू नका.

गेलेल्या माणसाचंच जनावर घरात असेल, तर दुसरं आणायची घाई करू नका. तेही दाराकडे बघत बसतं, खाणं कमी करतं. त्याच्या खाण्याफिरण्याच्या वेळा आधीच्याच ठेवा. मांजरानं दिवसभर तोंडही लावलं नाही, तर डॉक्टरांकडे न्या. उपाशी राहिल्यानं तिच्या यकृताला धोका होतो.

पहिल्या काही महिन्यांत कायमचा निर्णय घेण्यापेक्षा एखाद्या प्राणिसंस्थेचं जनावर तात्पुरतं सांभाळायला आणणं बरं. नाही जमलं तर परत देता येतं आणि त्यात कमीपणा नाही. जगणंच नकोसं वाटत असेल, तर मात्र आधी माणसाशी, समुपदेशकाशी बोला. तो भार मुक्या जनावरावर टाकू नका.

आणखी एक हिशेब. कुत्रा साधारण दहा-तेरा वर्षं जगतो, घरात राहणारी मांजर पंधराच्याही पुढे जाते. घेणाऱ्याचं वय सत्तर असेल, तर पुढे कोण बघणार हे आजच ठरवा. आईनं ते कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय: आधी माझं नाव, खाली भावाचं, आणि त्याच्याखाली कुत्रीच्या जेवणाच्या वेळा.